शिकवणी लावण्यापूर्वी

जून महिना उजाडला, पहिल्या पावसाने गल्लीतील धूळ बसली, की बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शिक्षकाच्या दाराशी एक प्रश्न हटकून येतो. ‘‘गुरुजी, पोराला शिकवणी कुणाकडे लावू ओ?’’ सहामाहीचे गुण हाती आले म्हणजे तोच प्रश्न अधिक काकुळतीने विचारला जातो, आणि जानेवारी लागला की त्यात काकुळतीपेक्षा भीतीच अधिक असते. सीमाभागातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात गणित शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली; तेव्हा हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. पुष्कळ वर्षे मी त्याचे उत्तरही तत्परतेने देत असे. अमक्या गल्लीतील क्लास चांगला, तमुक मास्तर गणिताला बरे, असे सांगून मी मोकळा होई. पुढे पुढे ध्यानात येऊ लागले की, सांगितलेला मास्तर चांगला असूनही मुलाचे पाऊल पुढे पडत नाही. कारण ‘कुणाकडे’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी’ हा प्रश्न आम्ही कुणी विचारलेलाच नसतो.

प्रगतिपुस्तकात गणिताच्या रकान्यात ३२ गुण दिसतात. ते तेवढेच का पडले, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही. मुलाला गणित कळले नसेल. गणित कळत असेल, पण विचारलेला प्रश्न कळला नसेल. किंवा दोन्ही कळत असून घरी सरावाला बसण्यास जागा व वेळच मिळाला नसेल. तिन्ही मुलांचे गुण सारखेच, ३२. आपण तिघांनाही एकाच क्लासात नेऊन बसवितो, तिघांची फी सारखीच भरतो, आणि वर्षाअखेरीस तिघांपैकी एकाचे भले झाले की त्या क्लासाची कीर्ती गावभर होते. राहिलेल्या दोघांना मात्र ‘याला डोकेच नाही’ हा शेरा जन्मभर पुरतो.

अशी गल्लत पुण्या-साताऱ्याकडेही होत असते. परंतु आपल्या भागात तिला एक वेगळे वळण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्या निर्णयाविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्यात मी येथे शिरत नाही. वाद न्यायालयात असला तरी मुलाची परीक्षा मार्चमध्ये आहे. मराठी माध्यमातील आपले मूल घरी मराठी बोलते, शाळेत गणित आणि विज्ञान मराठीतून शिकते, त्याबरोबर कन्नड आणि इंग्रजी या भाषांचे पेपर देते. २०१५ सालच्या कायद्यानंतर कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकणे राज्यातील शाळांतून टप्प्याटप्प्याने आवश्यकच झाले आहे. आणि हेच मूल दहावी संपवून पदवीपूर्व महाविद्यालयाच्या विज्ञानशाखेत गेले की, एका उन्हाळी सुटीच्या अंतराने, काल ‘त्वरण’ म्हणून शिकलेली गोष्ट इंग्रजी नावाने ऐकू लागते. विषय तोच असतो. त्याचा वेष मात्र पार पालटलेला असतो. येथे जे मूल अडखळते, ते विषयात अडखळले की वेषात, हे पाहण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही. मीही घेतली नव्हती, आणि त्याची एक आठवण मला अजून टोचते.

खेड्यातून येणारा एक मुलगा होता. दहावीला गणितात वर्गात पहिला. पदवीपूर्वच्या पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत नापास. वडील माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांना शहरातील एका गणिताच्या क्लासाचे नाव सांगितले. मुलगा आठ महिने संध्याकाळच्या एस्‌टीने जात-येत राहिला, आणि पुन्हा नापास झाला. मग घरच्यांनी त्याला मोटारींचे वायंडिंग करणाऱ्या एका दुकानात चिकटविले. दोनेक वर्षांनी तो माझ्याच घरचा पंप दुरुस्त करावयास आला. टेबलावर पुस्तक पडले होते. सहज म्हणून मी त्याला एक उदाहरण मराठीत वाचून दाखविले: तीन नाणी एकदम फेकली, तर किमान दोन छापे पडण्याची संभाव्यता किती? त्याने बिलाच्या पाठीवर आठ शक्यता मांडल्या, त्यांतल्या चार निवडल्या, आणि ‘निम्मी’ असे उत्तर दिले. मी इंग्रजी पुस्तकातील तेच वाक्य त्याच्यापुढे धरले. तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, ‘‘सर, ‘लीस्ट’ म्हणजे सगळ्यांत कमी ना? म्हणून ‘ॲट लीस्ट टू’ म्हणजे दोन किंवा दोनाहून कमी, असं मी धरत होतो. माझं उत्तर सात अष्टमांश यायचं.’’ ‘जास्तीत जास्त दोन’ असा अर्थ घेतला, तर सात अष्टमांश हे उत्तर अगदी बिनचूक आहे. म्हणजे त्या मुलाला आठ महिने जे शिकविले गेले ते त्याला येतच होते, आणि जे येत नव्हते त्यासाठी कुणी त्याला एक दिवसही दिला नाही. क्लासात त्याला माझ्या सांगण्यावरून घातले होते.

भाषेच्या बाबतीत पालक फसतात, याला एक कारण आहे. मूल बाजारात भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते, बसमध्ये कंडक्टरशी बोलते, क्रिकेटच्या मैदानावर तर कानडी पोरांबरोबर भांडतेसुद्धा. आपल्याला वाटते, भाषा आली. टोरांटो येथील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास परदेशांतून कॅनडात आलेल्या मुलांविषयी एक गोष्ट दाखवून दिली. बोलण्याचालण्याची दुसरी भाषा मुले दोनेक वर्षांत उचलतात. परंतु पाठ्यपुस्तकाची, व्याख्येची, ‘कारणे द्या’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ची भाषा वर्गसोबत्यांच्या बरोबरीने अवगत होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. बाजारची भाषा आणि पुस्तकाची भाषा या दोन निराळ्या इयत्ता आहेत, हे त्यावरून दिसते. आपल्या मुलांच्या बाबतीत मी हेच पाहत आलो आहे.

तेव्हा शिकवणी ठरविण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा घ्यावी. तिला पैसा लागत नाही. मुलाची तपासून आलेली उत्तरपत्रिका पुढे घ्या आणि चुकलेला एक प्रश्न त्याला मोठ्याने वाचावयास सांगा. मग म्हणा, ‘‘काय विचारलंय ते मला सांग.’’ ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिलाही हे करता येते. किंबहुना तिलाच ते अधिक चांगले करता येते, कारण तिला समजावून सांगताना मुलाला पुस्तकी शब्दांच्या आड लपता येत नाही. प्रश्न सांगता आला नाही, तर शेजारच्या जाणत्याकडून तो मराठीत सांगवून घ्या आणि सोडवू द्या. आता सुटला, तर दोष भाषेत आहे. मराठीत सांगूनही सुटला नाही, तर दोन-तीन इयत्ता मागे जा. अपूर्णांकांची बेरीज, दशांश चिन्ह, शेकडेवारी यांतले एकेक उदाहरण द्या. तेथे गाडी रुतली, तर दुखणे जुने आहे. आणि सर्वच सुटले, तर मात्र मुलाकडे न पाहता घड्याळाकडे पाहावे: संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत हे मूल नेमके काय करीत असते?

दोष भाषेत निघाला, आणि ती भाषा कन्नड असली, तर मोठ्या क्लासाची मुळीच गरज नाही. कन्नड ही मराठी मुलाला वाटते तितकी परकी भाषा नव्हे. वाक्याची ठेवण जवळजवळ एकच आहे. आपण ‘मला कन्नड येते’ म्हणतो, ते ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ असे शब्दास शब्द ठेवून म्हणतात. इंग्रजीत हे जमत नाही. निर्जीव वस्तूंच्या लिंगाची मराठीत जी दैना आहे (पाट पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी) ती कन्नडमध्ये नाही. तेथे साऱ्या वस्तू नपुंसकलिंगी. तुपाला ते तुप्पा म्हणतात, अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांत नांदतात. अडते ते ठराविक जागी. कन्नड लिपीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे लिहितात. आपल्या देवनागरीत ती सोय नाही. ऱ्हस्व ओकाराचा ‘कोडु’ म्हणजे दे, आणि दीर्घ ओकाराचा ‘कोडु’ म्हणजे शिंग. मराठी मूल दोन्ही एकाच मापाने लिहिते आणि शुद्धलेखनात मार खाते. दुसरी ठेच ओळखीच्या शब्दांची. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका. आपला कनिष्ठ हा हाताखालचा माणूस; त्यांच्या गणितात ‘कनिष्ठ’ म्हणजे किमान आणि ‘गरिष्ठ’ म्हणजे कमाल. कादंबरी दोन्हीकडे कादंबरीच, परंतु हिंदीतला उपन्यास कन्नडमध्ये जाऊन व्याख्यान होतो. असे पन्नास-साठ शब्द एका वहीत लिहून ठेवले आणि रोज अर्धा तास कुणा कानडी शेजाऱ्यासमोर पुस्तक मोठ्याने वाचले, तर सहा महिन्यांत फरक दिसतो. ज्यांच्या घरची बोली मराठी होती ते धारवाडचे द. रा. बेंद्रे पुढे कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. आपल्या मुलाने कवी व्हावे असा आग्रह नाही. उत्तीर्ण झाले तरी पुरे.

इंग्रजीचे काम याहून जिकिरीचे आहे, आणि ते दहावीनंतर सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. आठवीपासून गणित-विज्ञानातील प्रत्येक संज्ञेशेजारी तिचे इंग्रजी नाव पेन्सिलीने लिहिण्याची सवय लावावी. दहावीनंतरच्या सुटीत जे पालक पुढच्या वर्षाचे गणित ‘आधीच उरकून घेण्यासाठी’ क्लास लावतात, त्यांना माझे सांगणे असे की, त्या दोन महिन्यांत नवे गणित शिकवू नये. दहावीचेच पुस्तक इंग्रजी माध्यमाच्या प्रतीत पुन्हा वाचून घ्यावे. विषय ओळखीचा असल्यामुळे मुलाचे सारे लक्ष भाषेकडे राहते. यासाठी पदवीच्या वर्गातला, स्वतः मराठी माध्यमातून जाऊन तग धरलेला एखादा तरुण पुष्कळदा नामांकित प्राध्यापकापेक्षा उपयोगी पडतो. कुठे पाय घसरतो हे त्याच्या पायांना अजून आठवत असते.

दुखणे जुने असेल, म्हणजे नववीतल्या मुलाला सहावीचे अपूर्णांक येत नसतील, तर नववीच्या क्लासात बसविणे हा वेळेचा अपव्यय आहे. मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घेऊन त्याच वस्तीतील, केवळ शाळा शिकलेली एक तरुणी त्यांना रोज दोन तास शिकवी. शिकवी ते त्यांच्या इयत्तेचे नव्हे, तर त्यांना जेथवर येत होते त्याच्या पुढचे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबई व बडोदे येथे या उपक्रमाची कसोशीने तपासणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, मुलांची प्रगती स्पष्ट दिसते आणि ती सर्वांत अधिक दिसते मागे पडलेल्या मुलांत. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते दारिद्र्यावरील अशाच प्रयोगांबद्दल. आपल्यापुरता बोध एवढाच की, येथे पदव्यांपेक्षा मागे जाऊन शिकविण्याची तयारी पाहावी. शिकविणाऱ्याने पहिल्या आठवड्यात मुलाची चाचणी घेऊन ‘याला सहावीपासून धरावे लागेल’ असे सांगितले, तर पालकांनी रागावू नये. असा मास्तर मिळणे भाग्याचे.

तिसरा प्रकार घड्याळाचा. निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आईच्या एका खोलीच्या घरात मुलीने अभ्यासाला बसावे कोठे, आणि धाकट्या भावंडांना सांभाळून बसावे केव्हा? तिला शिकवणी लावली तर शिकवणीचा तास तेवढा सुखाचा जाईल. सराव व्हावयाचा तो होणार नाही. तिला हवी आहे दिव्याखालची एक शांत जागा आणि दीड तास. शाळेने संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा, तरुण मंडळाने आपल्या खोलीत कॅरमऐवजी दोन तास पुस्तकांना द्यावेत, बेळगावकरांनी आपल्या सार्वजनिक वाचनालयाचा उपयोग करावा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती असते, आणि तिचा अर्ज आता संगणकावरून भरावा लागतो. तो वेळेत भरून देणारा माणूस हाही त्या मुलीला मिळालेला शैक्षणिक आधारच होय.

पुस्तकांविषयी एक इशारा देणे भाग आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे बाजार जवळ. तेथून पालक हौसेने मार्गदर्शिका आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणतात. ती पुस्तके मराठीत असतात, छपाई सुबक असते, पण ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असतात. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके वेगळी आणि कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठी माध्यमासाठी काढलेली पुस्तके वेगळी. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्नांची ठेवण वेगळी, पुष्कळदा संज्ञाही वेगळ्या. मोबाईलवरील पाठांचेही तेच. मराठी आवाज ऐकला की पालक निश्चिंत होतात. तो पाठ कोणत्या राज्याच्या पुस्तकावर आहे, हे आधी विचारावे. कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका हाच या भागातील मुलाचा खरा प्रश्नसंच. २०२४ साली दहावीला वर्षात तीन परीक्षांची संधी मिळू लागली; एखाद्या विषयात घसरलेल्या मुलाने तेवढ्याच विषयापुरती नेमकी मदत घेऊन पुन्हा बसावे, हे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

दहावीनंतर जी वाट धरली असेल, तिच्यावरही मदतीचे स्वरूप ठरते. निपाणीला लागून अर्जुननगर आहे. तेथे १९६० साली निघालेले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. निपाणीच्या मुलाला शिक्षणाचे राज्य बदलण्यास गाव सोडावे लागत नाही, सडक ओलांडली की झाले. मात्र सडकेबरोबर मंडळ बदलते, प्रवेशपरीक्षा बदलते, आणि तिची शिकवणीही बदलते. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिचे दाखले कोणते व कोठून घ्यावयाचे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून अकरावीतच तयारी करावी. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय परीक्षेची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ती परीक्षा तेरा भाषांतून होते आणि त्यांत मराठी आहे. परंतु आजवरच्या नियमांप्रमाणे मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते आणि कन्नड प्रश्नपत्रिका कर्नाटकातील केंद्रांवर. बेळगावचे केंद्र घेतलेल्या मराठी मुलाने मराठीतून तयारी केली असेल, तर ऐन वेळी त्याच्या पदरी काय पडेल, याचा विचार शिकवणीची भाषा ठरविण्यापूर्वी करावा.

राहता राहिला ‘कुणाकडे’ हा प्रश्न. त्याविषयी थोडेच सांगतो. वर्षाची फी एकदम मागणाऱ्यापेक्षा महिन्याची घेणारा बरा. जो तुमच्या मुलाची उत्तरपत्रिका पाहावयास मागतो तो, भिंतीवर गुणवंतांची छायाचित्रे दाखविणाऱ्यापेक्षा बरा. आणि दोन महिन्यांनी घरची ती परीक्षा पुन्हा घ्यावी. काहीच हलले नसेल, तर मास्तर बदलण्याआधी आपले निदान बदलून पाहावे.

गेल्या जूनमध्ये निपाणीकडची एक विडी कामगार बाई नववीतल्या मुलीला घेऊन आली होती. ‘‘गुरुजी, क्लासची फी दोन हप्त्यांत घेतील काय ओ?’’ हा तिचा प्रश्न. मी मुलीला उत्तरपत्रिका काढावयास सांगितली. गणितात तिला अडचण नव्हती, विज्ञानातही नव्हती. कन्नडमध्ये १९ गुण होते, आणि त्या १९ गुणांच्या धास्तीने ती बाकीची पुस्तकेही उघडीनाशी झाली होती. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक कानडी कुटुंब राहते. तेथील सुनेला दुकानाच्या उधारीच्या वहीपुरते मराठी वाचता यावे अशी फार इच्छा होती. आता दोघी ओट्यावर समोरासमोर बसतात; अर्धा तास एकीचे पुस्तक, अर्धा तास दुसरीची वही. फीचा प्रश्नच निघाला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, म्हणून त्या दिवशी सुटी.